पर्यावरण-जागृती आणि परदेशी स्वयंसेवक : इव्हान इलिच यांच्या एका भाषणाचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

संपन्न देशांतील तरुणांनी आफ्रिका, आशिया वा लॅटिन अमेरिकेतील एखाद्या गरीब वस्तीत जाऊन तेथील लोकांत पर्यावरणविषयक जागृती करावी, ही कल्पना आज सर्वपरिचित आहे. अमेरिकेने १९६१ मध्ये स्थापन केलेल्या ‘पीस कोअर’च्या कार्यात पर्यावरण हे एक स्वतंत्र क्षेत्र आहे, त्यातील स्वयंसेवक स्थानिक भाषा शिकून साधारणतः दोन वर्षे तेथे राहतो. याउलट दोन-तीन आठवड्यांच्या सेवेसाठी स्वयंसेवकाकडूनच शुल्क घेणाऱ्या संस्थाही पुष्कळ आहेत. कालावधी भिन्न असला तरी ‘जागृती’ हा शब्द दोहोंना समान आहे. कोणी तरी जागा आहे आणि कोणी तरी झोपलेला आहे, हे या शब्दात गृहीतच असते. हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इलिच यांचा आक्षेप

इव्हान इलिच (१९२६-२००२) हे मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे एक अभ्यासकेंद्र चालवीत. लॅटिन अमेरिकेत कार्यासाठी येणाऱ्यांना तेथे स्पॅनिश भाषा शिकविली जाई. एप्रिल १९६८ मध्ये, मेक्सिकोतील खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर त्यांनी केलेले भाषण ‘टू हेल विथ गुड इन्टेन्शन्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. ‘सदिच्छा गेल्या चुलीत!’ असा त्याचा रोख. विद्यार्थ्यांच्या हेतूविषयी त्यांना शंका नाही. त्यांचा आक्षेप संबंधाच्या स्वरूपावर आहे. ज्याची भाषा आपल्याला येत नाही, त्याच्याशी संवाद होत नाही. अशा वेळी स्वयंसेवक नकळत आपल्या मध्यमवर्गीय जीवनपद्धतीचाच प्रचारक ठरतो, असे ते म्हणतात. सेवाच करायची तर स्वतःच्या देशातील गरिबांत करा. निदान ते तुम्हाला स्पष्ट शब्दांत नकार देऊ शकतील, हा त्यांचा युक्तिवाद आहे. मेक्सिकोत यायचे तर पाहायला या, शिकायला या. मदत करायला येऊ नका, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

किसिदुगूची वनबेटे

पर्यावरण हा या भाषणाचा विषय नव्हे. तथापि त्यातील आक्षेप पर्यावरण-जागृतीला किती लागू पडतो, हे जेम्स फेअरहेड व मेलिसा लीच यांच्या ‘मिसरीडिंग द आफ्रिकन लँडस्केप’ (१९९६) या ग्रंथावरून कळते. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाच्या किसिदुगू भागात गवताळ माळावर प्रत्येक गावाभोवती दाट झाडीचे एक बेट दिसते. ही बेटे म्हणजे पूर्वीच्या अखंड अरण्याचे अवशेष होत आणि उरलेले अरण्य गावकऱ्यांनी शेती व वणवे यांनी नष्ट केले, अशी फ्रेंच वसाहतकाळापासून अधिकाऱ्यांची व तज्ज्ञांची समजूत होती. धोरणेही तिच्यावरच बेतली गेली. फेअरहेड व लीच यांनी १९५२ ची हवाई छायाचित्रे नंतरच्या उपग्रहचित्रांशी ताडून पाहिली आणि गावातील वृद्धांच्या आठवणी नोंदविल्या. तेव्हा चित्र उलटे निघाले. अनेक ठिकाणी झाडी वाढली होती. गावे वसली, वस्तीलगतची जमीन राबता, खत व गुरे यांमुळे सुपीक झाली, वणव्यापासून तिचे रक्षण झाले, काही झाडे मुद्दाम लावली गेली आणि त्यातून ही बेटे उभी राहिली. अशा गावात ‘जंगल वाचवा’ हा संदेश घेऊन जाणारा स्वयंसेवक जंगल निर्माण करणाऱ्यालाच जंगलाचे महत्त्व सांगेल. त्याची भाषा कितीही अस्खलित असली तरी हा दोष जाणार नाही. कारण दोष त्याने सोबत आणलेल्या निदानात आहे.

आक्षेपाची मर्यादा

म्हणून बाहेरून येणारे सर्वच ज्ञान त्याज्य ठरते काय? येथे इलिच यांचा युक्तिवाद अपुरा पडतो. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून, तळ्या-नद्यांचे पाणी रोगकारक आहे असे सांगून आंतरराष्ट्रीय साहाय्याने कूपनलिकांचा प्रसार करण्यात आला. १९९० च्या दशकात त्यांतील अनेकींच्या पाण्यात आर्सेनिक आढळले. आर्सेनिकला रंग नाही, चव नाही, वास नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातूनही ते कळणे शक्य नव्हते. पुढे सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून धोक्याच्या कूपनलिकांना लाल आणि सुरक्षित कूपनलिकांना हिरवा रंग देण्यात आला. संकट बाहेरच्या सल्ल्यातून आले आणि ते ओळखण्याचे साधनही बाहेरच्या विज्ञानाने दिले. ‘मदतीला येऊ नका’ या सरसकट सूत्रात ही गुंतागुंत मावत नाही. शिवाय इलिच ज्यांच्या वतीने बोलतात, तो मेक्सिकन खेडूत त्यांच्या भाषणात स्वतः बोलत नाही. किसिदुगूच्या अभ्यासात मात्र गावकऱ्यांची साक्ष हाच पुराव्याचा एक आधार आहे.

निष्कर्ष

लाल रंग देणारा माणूस गावकऱ्याला अज्ञानी ठरवीत नाही. तो एका विशिष्ट विहिरीविषयी, पुन्हा तपासून पाहता येईल अशी माहिती देतो. ‘जागृती’ आणि ‘माहिती’ यांतील हा भेद मूलभूत आहे. माहिती चुकीची ठरू शकते व म्हणूनच दुरुस्तही होऊ शकते. जागृतीचा दावा करणारा मात्र स्वतःच्या चुकीची शक्यताच नाकारतो. परदेशी स्वयंसेवकाच्या कार्याचे मूल्यमापन करताना ‘किती लोकांना जागृत केले’ यापेक्षा तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल : दिलेली माहिती लोकांना पडताळता आली काय, ती नाकारण्याची मुभा त्यांना होती काय, आणि सल्ला चुकल्यास उत्तर देण्यासाठी मागे कोण राहिले? यांतील दुसरा प्रश्न इलिच यांचाच आहे आणि त्यांच्या भाषणाचे स्थायी मोल त्यातच आहे.

हे प्रश्न केवळ परदेशापुरते नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात प्रभातफेरी व वृक्षदिंडी काढून आपले विद्यार्थी खेड्यातून परततात, तेव्हा अहवालात ‘जनजागृती’ हा शब्द सहज लिहिला जातो. त्या अहवालात गावकऱ्यांनी विद्यार्थ्यांना काय सांगितले, यासाठीही एक रकाना असावयास हवा.