‘कॅप्टनची कन्या’ आणि तिचे परीक्षक

पुश्किनची ‘कॅप्टनची कन्या’ ही १८३६ सालची ऐतिहासिक कादंबरी आपल्याकडे थोड्यांच्याच वाचनांत असते. कादंबरीकार इतिहास बिघडवितात ही तक्रार आपण नित्य करतों. म्हणून तिजवरील अभिप्रायांचा विचार येथें अस्थानीं ठरूं नये.

इ. स. १७७३ ते १७७५ या काळांत पुगाचेव्ह नामक कोसॅकानें, आपण मृत झार तिसरा पीटर आहों असें भासवून, रशियांत मोठें बंड उभारिलें. पुश्किननें १८३३ सालीं काझान व ओरेनबुर्गकडे फिरून वृद्धांच्या आठवणी टिपिल्या, कागद तपासले, व १८३४ सालीं बंडाचा इतिहास स्वतंत्र छापिला. पुगाचेव्हच्या चौकशीचें दप्तर मोहोरबंदच राहिलें, हें त्यानें प्रस्तावनेंत नमूद केलें आहे. कादंबरी त्यानंतरची.

गोगोलनें तिची मनःपूर्वक वाखाणणी केली. बेलिन्स्कीस नायक ग्रिन्योव्ह निस्तेज वाटला. कवयित्री त्स्वेतायेवा हिनें १९३७ च्या निबंधांत इतिहासांतील पुगाचेव्हपेक्षां कादंबरींतील पुगाचेव्हास श्रेष्ठ मानिलें. आमच्या मतें बेलिन्स्कीचा आक्षेप खरा, पण अपुरा आहे. दोन्ही छावण्यांत वावरणारा साक्षीदार असा साधाच हवा. त्स्वेतायेवेचें मत मात्र सांभाळून घ्यावें. वादळांत मिळालेल्या सशाच्या कातड्याच्या कोटाची आठवण ठेवून ग्रिन्योव्हास जीवदान देणारा पुगाचेव्ह त्याच कादंबरींत कॅप्टनास फांसावर चढवितो. औदार्यानें तो फांस पुसला जात नाहीं.

संग्राहकांस विशेष महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. कादंबरींतून गाळलेलें एक प्रकरण हस्तलिखितांत उरलें व १८८० सालीं छापलें गेलें. त्यांत नायकाचें नांव वेगळें असून त्याच्याच गांवची कुळें बंडांत सामील होतात. हा खर्डा नष्ट झाला असता, तर लेखकानें काय लिहून बाजूस ठेविलें हें कोणासही कळलें नसतें.

आपल्या प्रांतीं याचा बोध घेण्याजोगा आहे. १८१९ च्या जानेवारींत निजामाच्या फौजेनें नोवसाजी नाइकाची, इंग्रजी कागदांत ‘नोवा’ म्हणून आलेली, नांदेडच्या उत्तरेकडील गढी घेतली. ती हकीकत मुख्यतः जेत्यांच्याच लेखणीची आहे. उद्यां कोणी तीवर कादंबरी रचील, तर हरकत नाहीं. मात्र कागदांची छाननी पुश्किनप्रमाणें वेगळी छापावी. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचें दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’स प्रस्तावना म्हणून जोडिलें आहे, कथा व तिची पारख एकाच ग्रंथांत, परंतु निरनिराळ्या पानांवर. हीच रीत योग्य होय. नांदेड-लातूरकडील वाड्यांतून रुमाल सोडतांना सनदांबरोबर खर्डे व वाचकांचीं पत्रेंही जपावीं. अभिप्राय हाही काळाचा कागदच आहे.