कृमिघ्न वनस्पतींची परीक्षा आणि गांडुळाची साक्ष : एक चिकित्सा

प्रस्तावना :
वावडिंग, पळसाचे बी, किरमाणी ओवा ही कृमिघ्न द्रव्ये आयुर्वेदाला व घरगुती उपचारांना दीर्घकाळ परिचित आहेत. अशा वनस्पतींच्या अर्कांची परीक्षा घेणारे अनेक शोधनिबंध भारतीय महाविद्यालयांतून प्रसिद्ध झाले आहेत. त्यांपैकी पुष्कळांची पद्धत एकच आढळते. 'फेरेटिमा पोस्थुमा' जातीचे गांडूळ अर्काच्या द्रावणात सोडायचे, ते लुळे पडण्यास व मरण्यास लागलेली मिनिटे मोजायची आणि पिपेराझिन सायट्रेट किंवा अल्बेंडाझोल यांच्याशी तुलना करायची. पद्धत स्वस्त व सोपी आहे. प्रश्न आहे तो तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांचा.

विवेचन :
गांडूळ व आतड्यातील जंत यांच्या शरीररचनेत साम्य असते, असे या पद्धतीचे समर्थन केले जाते. वस्तुतः गांडूळ हा वलयी संघातील, मातीत मुक्तपणे जगणारा व ओलसर त्वचेतून श्वसन करणारा प्राणी आहे. जंत हा गोलकृमी संघातील, चिवट उपत्वचेचे कवच लाभलेला परजीवी आहे. दर मिलिलिटरला 50 किंवा 100 मिलिग्रॅम इतक्या दाट द्रावणात गांडूळ केवळ आम्लतेने, टॅनिनने वा परासरण दाबानेही मरू शकते. हा मृत्यू औषधी गुणाचा पुरावा ठरत नाही. तुलनाही सदोष आहे. अल्बेंडाझोल कृमीच्या ट्युब्युलिन प्रथिनाशी बद्ध होऊन त्याचे पोषण तोडते व त्यास सावकाश मारते. अशा औषधापेक्षा अर्क काही मिनिटांत 'सरस' ठरला, तर त्यातून मोजपट्टीचीच उणीव प्रकट होते.

याउलट तू यूयू यांच्या चिनी संशोधक गटाने 1971 मध्ये ईथरने, कमी तापमानात काढलेला चिंगहाओ वनस्पतीचा अर्क उंदरांना बाधणाऱ्या हिवतापाच्या परजीवीवर तपासला. पुढे माकडांवर चाचणी झाली. 1972 मध्ये संशोधकांनी तो स्वतः घेतला व नंतरच रुग्णांना दिला. त्यातून आर्टेमिसिनिन लाभले आणि 2015 च्या वैद्यकातील नोबेल पारितोषिकात तू यूयू यांचा वाटा राहिला. प्राचीन ग्रंथाने दिशा दाखविली, पुरावा मात्र परजीवीवरील प्रयोगाने दिला.

निष्कर्ष :
गांडुळावरील प्रयोग फार तर प्राथमिक चाळणी ठरेल. शेळ्या-मेंढ्यांच्या जठरातील 'हिमाँकस कंटॉर्टस' या गोलकृमीची अंडी व अळ्या यांवरील चाचण्या मर्यादित साधनांतही शक्य आहेत. सोबत निव्वळ द्रावकाची नियंत्रण चाचणी व सस्तन पेशींवरील विषारीपणाची तपासणी आवश्यक आहे. अन्यथा परंपरेचे समर्थन करू पाहणारे संशोधनच तिच्याविषयी अविश्वास निर्माण करील. आणि जंतांनी त्रस्त झालेल्या बालकास त्याचा काहीच उपयोग होणार नाही.