वीज देयकाची मराठी : संज्ञा, मांडणी आणि सालेकसा तालुक्यातील वाचक

मराठी समीक्षा कथा-कवितेपाशी थांबते. तांत्रिक दस्तऐवजांच्या भाषेकडे ती क्वचितच वळते. वास्तविक गावोगावच्या घरांत नियमितपणे पोहोचणारा छापील मराठी मजकूर म्हणजे वीज देयक होय. राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनानंतर २००५ मध्ये अस्तित्वात आलेल्या महावितरण कंपनीच्या घरगुती देयकाचा येथे विचार केला आहे, तो गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्याच्या संदर्भात. मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या सीमेवरील या तालुक्यात झाडीबोली, पोवारी, छत्तीसगडी, गोंडी आणि हिंदी नांदतात. प्रमाण मराठी येथे प्रामुख्याने शाळेची व कचेरीची भाषा आहे.

देयकात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि शेवटी वीज शुल्क अशा संज्ञा एकाखाली एक येतात. 'आकार' हा शब्द कृत्रिम नाही. शेतसाऱ्याच्या 'आकारणी'तून तो शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. मात्र हिंदीत त्याचा अर्थ केवळ आकृती वा आकारमान असा होतो आणि सीमेपलीकडे याच अर्थी 'प्रभार' रूढ आहे. 'शुल्क' या शब्दाची अडचण अधिक गंभीर आहे. मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क यांप्रमाणे वीज शुल्क हा शासनाचा कर असून तो महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम, २०१६ अन्वये वसूल होतो. व्यवहारात मात्र शुल्क म्हणजे फी. (महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरही तोच अर्थ असतो.) परिणामी कंपनीचा आकार कोणता आणि शासनाचा कर कोणता, हे वाचकास उमगत नाही व कराची तक्रार तो कंपनीच्या कार्यालयात नेतो. परिभाषा करणाऱ्याच्या दृष्टीने येथे काटेकोर सुसंगती आहे. परंतु तिची किल्ली वाचकाच्या हाती दिलेली नाही.

मांडणीचा दोष याहून मोठा आहे. वहन आकारापुढे प्रतियुनिट दर आणि वीज शुल्कापुढे १६ टक्के असा उल्लेख असतो. वीज आकार ही बहुधा सर्वांत मोठी रक्कम. तिच्या ओळीत मात्र हिशेब नसतो. दर टप्प्यांनुसार बदलतात : ० ते १००, १०१ ते ३००, याप्रमाणे. मासिक वापर १२० युनिट असल्यास पहिल्या १०० युनिटांना पहिलाच दर लागतो, वाढीव दर उरलेल्या २० युनिटांपुरता असतो. हे ओळीतून दिसत नसल्याने शंभरी ओलांडताच सर्व युनिटे महागली, असा समज सहज होतो. स्थिर आकार वापरावर अवलंबून नाही; तरीही तो त्याच रकान्यात, त्याच ठशात येतो. घर महिनाभर बंद ठेवून मजुरीला परगावी गेलेल्या कुटुंबास तो अन्यायाचा वाटल्यास नवल नाही.

वीज आकाराखाली '१०० युनिट × दर' आणि '२० युनिट × दर' अशा दोन ओळी, तसेच वीज शुल्कापूर्वी एक आडवी रेघ व 'शासनाचा कर' हे दोन शब्द, एवढी जागा त्याच कागदावर निघू शकते.