प्रागचे ज्यू संग्रहालय : वस्तूंची यादी आणि माणसांची यादी

परदेशप्रवासात वस्तुसंग्रहालये पाहणे हा आता एक रूढ शिष्टाचार होऊन बसला आहे. प्रेक्षक एका दालनातून दुसऱ्या दालनात जातो आणि वस्तूंच्या प्राचीनतेने व कारागिरीने संतुष्ट होऊन परततो. प्रागच्या ज्यू संग्रहालयात मात्र ही रसिकता अपुरी पडते, असे प्रस्तुत लेखकास तेथील भेटीत जाणवले. त्याची कारणमीमांसा करणे हाच या टिपणाचा हेतू होय.

संग्रहालयाची स्थापना १९०६ साली झाली. नगरसुधारणेसाठी जुनी ज्यू वस्ती पाडली गेली, तेव्हा तेथील सिनॅगॉगांतील वस्तू वाचविणे हा इतिहासकार सालोमोन हुगो लीबेन प्रभृतींचा उद्देश होता. परंतु आजचा विशाल संग्रह मुख्यतः नाझी अमलात, १९४२ नंतर जमला. बोहेमिया व मोराव्हिया येथील १५३ ज्यू समाजांची प्रार्थनास्थळे ओस पडली आणि त्यांचे जरतारी पडदे, चांदीची उपकरणे व ग्रंथ प्रागला येऊन दाखल झाले. त्यांची नोंदपत्रे ज्यू तज्ज्ञांनीच नाझींच्या देखरेखीखाली सिद्ध केली. त्या तज्ज्ञांपैकी बहुतेकांची पुढे छावण्यांत रवानगी झाली. हाना व्होलाव्कोव्हा वाचल्या व युद्धोत्तर काळात संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या.

‘नामशेष झालेल्या वंशाचे संग्रहालय’ उभारण्याची नाझींची योजना होती, ही कथा प्रवाशांना हमखास ऐकविली जाते. त्या शब्दांना समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही. परंतु आक्षेप केवळ पुराव्यापुरता नाही. या कथेत सारे कर्तृत्व मारेकऱ्यांच्या पदरी पडते. वस्तू एकत्र आणून जपाव्यात, ही सूचना मुळात ज्यू समाजसंस्थेतूनच आली होती. तिला मान्यता देण्यामागील नाझींचे हेतू निराळे होते, हे उघड आहे. पण त्यामुळे जपणाऱ्यांचे कृत्य लहान ठरत नाही. उद्या आपण असू की नाही हे ठाऊक नसता एखाद्या पडद्याचे शतक व गाव अचूक लिहून ठेवणे, हा विद्याव्यवहाराचा असामान्य नमुना मानावा लागेल.

या वस्तूंच्या यादीस पिंकास सिनॅगॉगच्या भिंतींवर दुसरी यादी उत्तर देते. चित्रकार व्हात्स्लाव्ह बोश्तिक व यिर्झी यॉन यांनी १९५४ ते १९५९ या काळात तेथे बळी गेलेल्या सुमारे ८०,००० ज्यूंची नावे गावांच्या क्रमाने रंगविली. मृत्युदिन बहुधा अज्ञात असल्याने अनेकांच्या नावापुढे अखेरच्या रवानगीची तारीख आहे. १९६८ मध्ये ही वास्तू बंद झाली, ओलीमुळे दुरुस्ती निघाली आणि तीत नावे पुसली गेली. ती पुन्हा लिहिली गेली १९९२ ते १९९६ या वर्षांत, म्हणजे राजवट पालटल्यावर. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या वस्तीतील मुलांची चित्रे आहेत. त्यांना चित्रकला शिकविणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांचा १९४४ मध्ये आउश्वित्झ येथे अंत झाला.

दोष दाखवावयाचा तर एवढाच, की या दोन याद्या निरनिराळ्या वास्तूंत विभागल्या गेल्या आहेत. चांदीच्या उपकरणांपुढे थबकलेल्या प्रेक्षकास ती ज्या गावाहून आली, त्याच गावाची नावे दुसऱ्या भिंतीवर आहेत, याचा सहज विसर पडतो. वस्तूचे मूळ गाव वाचून मग त्या भिंतीवर ते गाव शोधावे, एवढे श्रम प्रेक्षकाने घ्यावयास हवेत. त्याशिवाय हे संग्रहालय पाहिले असे म्हणता येणार नाही.