विहिरीचा कर्ता कोण?

बीडची खजाना विहीर आपण पाह्यलीय. निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली. नोंद वाचा : बांधून घेतली सलाबतखानानं, योजना राजा भास्करची. संपली नोंद. दगड फोडला कुणी? माती उपसली कुणी?

मी जिनिंगमधला कामगार. आमच्या गाठीवर नंबर असतो, वजन असतं. दाबणाऱ्याचं नाव नसतं. म्हणून हे मला लगेच खुपतं.

इमारतींच्या नोंदीचे साचे जगात आहेत. २००७ चा ‘व्हीआरए कोअर ४’ घ्या. त्यात कर्त्याचा रकाना कितीही वेळा भरता येतो, कुणी काय काम केलं तेही लिहिता येतं. ‘अज्ञात पाथरवट’ लिहायला साचा अडवत नाही. अडवतो तो भरणारा.

पण साचाही पुरता नाही. पाणी कुणाला भरू दिलं, कुणाला नाही, याला त्यात वेगळा रकाना नाही. वर्णनात कुठंतरी कोंबावं लागतं. १९२७ साली महाडचं चवदार तळं ज्यासाठी पेटलं, ते काय वर्णनात कोंबायचं?

‘मनाई कुणाला’ हा रकाना आपणच आखू. कुठल्या विहिरीवर लांब उभं राहावं लागायचं, ते आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. वही घ्या, आधी त्यांच्याकडं जा.