व्यंगचित्राची साक्ष
ओनोरे दोमिये याच्या राजकीय चित्रांचें परीक्षण

इतिहासाच्या साधनांत बखर, पत्र, हिशेब, शिलालेख यांचीं स्थानें ठरून गेलीं आहेत. कोणावर किती विसंबावें याचे नियमहि पुष्कळ अंशीं ठरले आहेत. राजपुरुषांची थट्टा करणाऱ्या छापील चित्रांस मात्र हें भाग्य लाभलेलें नाहीं. संग्राहक तीं मौजेखातर जमवितो आणि इतिहासकार ग्रंथाची शोभा म्हणून मध्यें घालतो. त्यांची साक्ष घ्यावी कीं नाहीं, आणि घेतल्यास कोणत्या गोष्टीपुरती, हें तपासण्यास फ्रान्समधील १८३० ते १८३५ हा काल फार सोईचा आहे.

१८३० च्या जुलै महिन्यांत पॅरिसला क्रांति होऊन लुई फिलिप गादीवर आला. नव्या सनदेच्या सातव्या कलमानें, छापण्यापूर्वीं तपासणी करण्याची पद्धति पुन्हा कधींहि बसविली जाणार नाहीं, असें वचन दिलें. त्याच वर्षीं शार्ल फिलिपाँ यानें ‘ला कारिकातूर’ हें साप्ताहिक आणि १८३२ त ‘ल शारिवारी’ हें दैनिक काढलें. दोहोंतील चित्रकारांत अग्रगण्य ओनोरे दोमिये (१८०८–१८७९). चित्रें शिळाछापाचीं, आपल्याकडील जुन्या छापील पोथ्यांमुळें ही रीत संग्राहकांच्या परिचयाची आहे. चित्रकार दगडावर स्वहस्तें चितारतो, मध्यें खोदणाऱ्या कारागिराचें काम पडत नाहीं. म्हणून ताजी घटना थोड्याच दिवसांत चित्ररूप होऊन दुकानाच्या खिडकींत लागे.

पहिलें विचारार्ह चित्र डिसेंबर १८३१ मधील ‘गार्गांतुआ’. लुई फिलिप हा अजस्र देह धारण करून बसला आहे. दरिद्री प्रजेकडून गोळा केलेल्या नाण्यांच्या टोपल्या फळीवरून त्याच्या तोंडापर्यंत वाहिल्या जात आहेत. आणि आसनाखालीं पदव्या व सनदा गळत असून आश्रित त्या वेंचीत आहेत. याबद्दल दोमियेस सहा महिन्यांची कैद झाली. भरतानें विकृत आकार व विकृत वेष हे हास्याचे विभाव सांगितले आहेत. त्या दृष्टीनें चित्र पूर्ण आहे. परंतु साक्षीचें काय? राजा टोपल्या गिळत नव्हता, हें बालकासहि कळतें. मुख्यार्थाचा येथें बाध होतो. म्हणून लक्ष्यार्थच घेतला पाहिजे. राजाच्या वार्षिक नेमणुकीचा वाद त्या हिवाळ्यांत पेटला होता, आणि कर कोण भरतो व प्रसाद कोणास मिळतो हा प्रश्न लोक विचारूं लागले होते, एवढेंच हें चित्र सिद्ध करतें. अतिशयोक्तीस असत्य म्हणून टाकून देणारा आणि तिला अक्षरशः खरी मानणारा, हे दोघेहि सारखेच चुकतात.

लक्ष्यार्थ घेतला म्हणजे न्याय झाला, असेंहि नाहीं. सेनापति लोबो याचें उदाहरण घ्या. नेपोलियनच्या लढायांत नांव कमावलेला हा सरदार पॅरिसच्या राष्ट्ररक्षक दलाचा मुख्य होता. मे १८३१ मध्यें वांदोम चौकांत जमलेला जमाव त्यानें गोळीबार न करतां आगीच्या बंबांचें पाणी सोडून पांगविला. तेव्हांपासून चित्रकारांनीं त्याच्या हातीं बस्तीची पिचकारी दिली ती कायमची! रक्त सांडण्याचें टाळणाऱ्या सेनापतीची याहून अधिक विटंबना कोणती? येथें चित्र लोबोविषयीं फार थोडें सांगतें. सरकारच्या सौम्य कृतीचेंहि हंसें व्हावें इतका लोकांचा मनोभंग झाला होता, हें मात्र तें स्पष्ट सांगतें.

आमच्या मतें दोमियेची खरी योग्यता जेथें विकृति कमी होते तेथें दिसते. जानेवारी १८३४ मधील ‘विधिमंडळाचें पोट’ या चित्रांत मंत्री व सभासद बांकांवर ओळीनें बसले आहेत. कोणी पेंगतो, कोणी कुजबुजतो. यांतील कित्येकांचे मातीचे अर्धपुतळे त्यानें आधीं घडविले होते, आणि त्या संचांतील ३६ पुतळे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहेत. मुद्रांचा हा अभ्यास ‘गार्गांतुआ’त नाहीं.

त्याच वर्षाच्या एप्रिलांत दंग्याच्या वेळीं सैनिकांनीं रू त्रान्सनोनें या गल्लींतील एका घरांत शिरून रहिवाशांस ठार केलें. दोमियेच्या चित्रांत रात्रीच्या वेषांतील पुरुष पलंगाशीं पडला आहे, त्याच्या देहाखालीं मूल आहे, आणि खालीं केवळ गल्लीचें नांव व तारीख. येथें मुख्यार्थाचा बाध होत नाहीं. आणि म्हणूनच परीक्षकानें अधिक सावध असावें. चित्र घटनेनंतर कांहीं महिन्यांनीं प्रसिद्ध झालें. प्रेतें कशीं पडलीं होतीं याचा तें पुरावा नव्हे. पॅरिसनें तो प्रसंग मनांत कसा सांठविला याचा आहे. सरकारनें त्याचा दगड जप्त केला.

शेवटची साक्ष सरकारचीच. जुलै १८३५ मध्यें राजावर प्राणघातक हल्ला झाल्यावर ९ सप्टेंबरच्या कायद्यानें प्रत्येक चित्रास पूर्वपरवानगी आवश्यक केली. सनदेचें वचन शब्दांतील मतापुरतें आहे, चित्र हें मत नसून कृति आहे, असा मंत्र्यांचा युक्तिवाद होता. व्यंगचित्राच्या सामर्थ्याचें याहून मोठें प्रमाणपत्र त्याच्या मित्रांनींहि दिलेलें नाहीं.

यावरून संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. ‘शारिवारी’च्या चित्रांपैकीं पाठकोऱ्या शुभ्र कागदावरील प्रतींस बाजारांत मान अधिक, पाठीवर वृत्तपत्राचा मजकूर असलेल्या प्रती हलक्या समजल्या जातात. कलेच्या दृष्टीनें हें योग्य असेल. इतिहासाच्या दृष्टीनें उलट आहे. पाठीवरील मजकुरावरून चित्राचा दिवस व प्रसंग कळतो. चित्राखालील ओळीहि बहुधा दोमियेच्या नसून दुसऱ्याच्या लेखणीच्या. म्हणजे एका कागदावर दोन साक्षीदार आहेत. ज्यानें कडा छाटून चित्र चौकटींत बसविलें, त्यानें त्यांपैकीं एकाचें तोंड बंद केलें. मोडी कागदावरील शिक्का व मोर्तब आपण जसे जपतों, तसाच हा समास व हा पाठमजकूर जपला पाहिजे.