वस्त्रहरण
मालवणी बोलीतील गाजलेले विनोदी नाटक. लेखक गंगाराम गवाणकर. ते १९८० मध्ये रंगभूमीवर आले व पुढे त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. कोकणातील गावकरी द्रौपदीवस्त्रहरणाचे पौराणिक नाटक करू पाहतात. त्यात उडणारी त्यांची तारांबळ हा नाटकाचा विषय. कथानक नाममात्र आहे. नट पौराणिक पात्राचा आव आणतो आणि दुसऱ्याच क्षणी मूळचा गावकरी होऊन भांडू लागतो. विनोद मुख्यतः या विसंगतीतून निर्माण होतो. प्रेक्षकही नकळत त्या गावचा रहिवासी बनतो. शहरी नाटकांत बोली बहुधा गडी-नोकरांच्या तोंडी येई. येथे सारा रंगमंच तिचाच असल्यामुळे हसू होते ते पौराणिक नाटकाच्या डामडौलाचे. संवाद आयत्या वेळी रचण्याच्या दशावतारी परंपरेशी या नाटकाचे नाते आहे. मच्छिंद्र कांबळी (१९४७–२००७) यांनी रंगविलेला तात्या सरपंच विशेष लोकप्रिय झाला. नटाच्या हजरजबाबीपणावरील भिस्तीमुळे छापील संहिता मात्र फिकी वाटते. द्रौपदीच्या विटंबनेतील कारुण्य हास्यकल्लोळात हरवते, ही या नाटकाची मर्यादा होय.